किल्ली आधी द्या

या शनिवारी नवा फोन, ट्रेक, सिनेमा यातलं काहीच नाही. आजचा विषय आहे घर. म्हणजे ज्यांना घर नाही त्यांचं घर. "हे सरकारचं काम, आपण काय करणार?" असं म्हणून लगेच निघून जाऊ नका. हा विषय न्यूयॉर्क, कॅनडा, चेन्नई असा फिरत शेवटी आपल्याच सोसायटीच्या गेटपाशी येणार आहे, आणि तिथे माझं तुमच्याकडे थोडं काम आहे.

आधी एक कोडं. रस्त्यावर राहणारा एक माणूस आहे. त्याला मानसिक आजार आहे, जोडीला दारूही लागलेली आहे. आपण सगळे त्याला काय सांगतो? "आधी दारू सोड, औषधं वेळेवर घे, जरा माणसांत ये. मग तुझ्या राहण्याचं बघू." ऐकायला अगदी शहाणपणाचं वाटतं. पण जरा विचार करा. औषध वेळेवर घ्यायचं, तर ते ठेवायचं कुठे? गोळ्यांची पिशवी उशाला घेऊन फुटपाथवर झोपलं, तर सकाळी ती जागेवर असेल का? मानसिक आजारावरच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, आणि उघड्यावर गाढ झोप परवडत नाही. बाईमाणसाला तर नाहीच. डॉक्टर म्हणणार पुढच्या महिन्यात अमुक तारखेला या, पण तोवर हा माणूस कुठल्या पुलाखाली असेल हे त्यालाच माहीत नाही. आणि दारू? थंडीत, भीतीत, रात्रभर जागत बसायचं असेल तर दारू हा त्याच्या दृष्टीने प्रॉब्लेम नसून उपाय असतो.

आपल्या फील्डमधल्या लोकांना हे चित्र ओळखीचं वाटेल. याला डेडलॉक म्हणतात. दोन प्रोसेस, दोघींच्या हातात एकेक कुलूप, आणि दोघीही दुसरीच्या कुलपाची वाट बघत बसलेल्या. घर मिळायला बरं व्हायला हवं, आणि बरं व्हायला घर हवं. कितीही वेळ थांबलात तरी हे आपोआप सुटत नाही. कुठलं तरी एक कुलूप आधी सोडावं लागतं. आजार आधी सोडणं त्या माणसाच्या हातात नाही. घर आधी देणं आपल्या हातात आहे. बास, माझी बाजू एवढीच. बाकीचा लेख ती का पटावी यासाठी.

ही कल्पना अर्थातच माझी नाही. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 'पाथवेज टू हाउसिंग' ही संस्था सुरू केली. तोवरची पद्धत जिन्यासारखी होती. रस्त्यावरून निवाऱ्यात, निवाऱ्यातून उपचार केंद्रात, तिथून देखरेखीखालच्या वसतिगृहात, आणि सगळ्या परीक्षा पास झालात तर अगदी वरच्या पायरीवर स्वतःचं घर. मध्येच घसरलात की पुन्हा तळाला. त्सेम्बेरिस यांनी जिनाच काढून टाकला. रस्त्यावरून थेट साध्या बिल्डिंगमधला साधा भाड्याचा फ्लॅट, आणि किल्ली भाडेकरूच्या हातात. मुख्य अटी दोनच. जे काही उत्पन्न असेल त्यातले ३० टक्के भाड्यापोटी द्यायचे, आणि टीममधलं कोणी ठरल्याप्रमाणे भेटायला आलं की दार उघडायचं.

यातला 'टीम' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण नुसती किल्ली दिली आणि हात झटकले असं हे नाही. सपोर्टिव्ह हाउसिंग म्हणजे घर अधिक साथ. साथ म्हणजे काय? डॉक्टरची वेळ घेऊन देणं, बँकेत खातं उघडणं, वर्षानुवर्षं न पेटवलेला गॅस पुन्हा पेटवायला शिकवणं, शेजाऱ्याशी भांडण झालं तर मध्ये पडणं, आणि पुष्कळदा नुसतं चहा पीत बसणं. खरी गंमत पुढे आहे. साथ आणि घर या दोन गोष्टी एकमेकांना बांधलेल्या नाहीत. औषध बंद केलं म्हणून घर जात नाही. भाडं थकवलं किंवा बिल्डिंगमध्ये धिंगाणा घातला, तर जो नियम इतर भाडेकरूंना तोच याला. चांगल्या डिझाइनमध्ये आपण दोन मॉड्यूल वेगळे ठेवतो ना, एक बंद पडलं तरी दुसरं चालत राहावं म्हणून? तेच.

सगळ्यांना वाटलं, महिन्याभरात फ्लॅटची वाट लागणार. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षांचा हिशोब मांडला होता. पाथवेजच्या भाडेकरूंपैकी ८८ टक्के लोक घरात टिकले होते. जिन्याच्या पद्धतीने गेलेल्यांत हे प्रमाण ४७ टक्के होतं.

एकाच शहरातल्या एकाच संस्थेचा आकडा म्हणून सोडून द्याल, तर कॅनडाचं बघा. २००९ ते २०१३ या काळात तिथे व्हँकुव्हर, विनिपेग, टोरोंटो, मॉन्ट्रियल आणि मॉन्क्टन या पाच शहरांत दोन हजारांहून जास्त बेघर, मानसिक आजार असलेल्या लोकांवर अभ्यास झाला. कोणाला थेट घर आणि कोणाला नेहमीच्या सेवा, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे आपल्या भाषेत चक्क ए-बी टेस्ट. अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत घर मिळालेल्या गटातले ६२ टक्के लोक पूर्ण वेळ घरात होते. दुसऱ्या गटातले ३१ टक्के.

आता याच अभ्यासातली एक गोष्ट घराच्या बाजूने बोलणारे हळूच गिळून टाकतात, ती मी सांगतो. मानसिक आजाराची लक्षणं आणि व्यसन यांत दोन्ही गटांची प्रगती साधारण सारखीच होती. म्हणजे घर दिलं म्हणून आजार जास्त लवकर बरा झाला, असं काही दिसलं नाही. विरोधक नेमकं याच मुद्द्यावर बोट ठेवतात. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशात या 'आधी घर' धोरणाचा सरकारी पाठिंबा काढून घ्यायचे निर्देश आहेत, आणि त्यामागेही हाच सूर आहे: घर देता, पण माणूस सुधारतो कुठे?

मला हा प्रश्नच उलटा वाटतो. कोणाला मधुमेह असेल, तर त्याची साखर कमी झाली नाही म्हणून आपण त्याचं घर काढून घेतो का? आपल्यापैकी किती जण शुक्रवारी रात्री जरा जास्तच घेतात? (हात वर करू नका, कळलं.) शनिवारी दुपारी उठलो तरी छप्पर डोक्यावरच असतं. स्वतःच्या घरात राहून चुका करायची मुभा आपल्याला आहे. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्याकडून मात्र आपण आधी संतपण मागतो. घराचं काम माणसाला घरात ठेवणं. ते काम ते चोख करतं, दुप्पट चोख करतं. आजारावर काम करायला डॉक्टर आणि औषधं आहेत, फक्त त्यांना पेशंट सापडला पाहिजे, आणि पत्ता असलेला माणूस सापडतो.

आता पैशाचं. आपण सगळे ईएमआयवाले, त्यामुळे हा प्रश्न मनात आलेला असणारच: "मी वीस वर्षं हप्ते फेडायचे आणि याला फुकट?" रास्त आहे. पण रस्त्यावरचा माणूस फुकटात पडतो असं समजू नका. डेनिस कलहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या सुमारे ४,७०० गंभीर मानसिक आजार असलेल्या बेघर लोकांचा हिशोब २००२ साली मांडला. घर मिळण्याआधी अशा एका माणसावर निवारा, इस्पितळ, तुरुंग वगैरे धरून वर्षाला सुमारे ४० हजार डॉलर सरकारी खर्च होत होता. साथीसकट घर दिल्यावर यातले सुमारे १६ हजार वाचले. घराचा आणि साथीचा खर्च १७ हजारांच्या थोडा वर. म्हणजे वर्षाला साधारण हजार डॉलर जास्त मोजून एक माणूस रस्त्यावरून घरात. फायद्याचा धंदा आहे असं मी म्हणणार नाही, कॅनडातही सरसकट सगळ्यांच्या बाबतीत पैसे वसूल झाले नाहीत. पण जवळजवळ तेवढ्याच पैशात एक पर्याय माणसाला फुटपाथवर ठेवतो आणि दुसरा घरात, तर निवड कसली करायची त्यात?

फिनलंडने २००८ पासून हेच देशाचं धोरण केलं. मोठमोठे निवारे बंद करून त्यांच्या जागी भाडेकराराची छोटी घरं केली. १९८०च्या दशकात १८ हजारांच्या आसपास असलेली बेघरांची संख्या २०२३ मध्ये साडेतीन हजारांच्याही खाली आली होती. २०२४ मध्ये ती वाढून ३,८०६ झाली, आणि त्याच वर्षी तिथल्या सरकारने घरभाड्याच्या मदतीला कात्री लावली होती. म्हणजे हे एकदा इन्स्टॉल केलं आणि विसरलो असं सॉफ्टवेअर नाही. मेंटेनन्स लागतो.

"हे सगळं तिकडे ठीक आहे रे, आपल्याकडे कुठे?" हा पुढचा प्रश्न. मान्य, आपलं चित्र वेगळं आहे. २०११च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून जास्त बेघर मोजले गेले, त्यातले नऊ लाखांवर शहरांत. यातले पुष्कळ जण काम करणारे आहेत. त्यांना साथीची गरज नाही, परवडणारं घर हवं. तो वेगळा आणि फार मोठा प्रश्न आहे. मी बोलतोय ते आजारामुळे घर सुटलेल्या आणि घर नसल्यामुळे आजार न सुटणाऱ्या लोकांबद्दल.

या लोकांसाठी आपल्याकडे पहिलं उत्तर नेहमी एकच असतं, घरच्यांकडे पोचवा. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ पासून हेच काम केलं. रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना आणायचं, उपचार करायचे, नावगाव आठवलं की थेट गावी नेऊन सोडायचं. कर्जतच्या त्यांच्या केंद्रातून अशी हजारो माणसं आपापल्या घरी गेली आहेत. डॉ. भरत वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे मिळालं, ते उगाच नाही. पण ज्यांचं घर सापडतच नाही त्यांचं काय? किंवा घर सापडतं, आणि दारातला भाऊ म्हणतो, "आता आमच्याकडे जागा नाही"? अशी माणसं मग राहतात कुठे? मनोरुग्णालयात. बरी होऊनही.

पुण्यात "याला येरवड्याला पाठवा" हा आपला लाडका विनोद आहे. ठाण्याचे लोक ठाण्याच्या नावाने करतात. महाराष्ट्रात अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. २०१९ मध्ये देशभरातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतले ३६ टक्क्यांहून जास्त लोक एक वर्ष किंवा त्याहून जास्त काळ आत राहत होते. एकूण ४,९३५ माणसं. यातल्या अनेकांच्या बाबतीत दाराचं कुलूप वैद्यकीय नसतं. बाहेर जायला जागा नाही म्हणून ते आत असतात.

आणि हे कायद्यात बसत नाही, बरं का. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो की, कुटुंब नाही, कुटुंब घेत नाही किंवा माणूस बेघर आहे, एवढ्याच कारणावरून कोणाला संस्थेत ठेवून घेता येणार नाही. समाजात राहणं हा त्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी लागणारी घरं उभी करणं किंवा त्यांना मदत करणं ही सरकारची जबाबदारी आहे. कागदावर सुंदर. पण 'समाजात' म्हणजे नक्की कुठे? कुठल्या गल्लीत, कितव्या मजल्यावर?

याचं एक देशी उत्तर चेन्नईतून आलं. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या विशीतल्या दोघींनी १९९३ साली तिथे 'द बन्यन' ही संस्था सुरू केली, रस्त्यावरच्या मानसिक आजारी बायकांसाठी. अनेक जणी बऱ्या होऊन घरी गेल्या, पण काही जणींना परत जायला जागाच नव्हती. २०१५ मध्ये संस्थेने 'होम अगेन' सुरू केलं. चार-पाच जणी मिळून एक भाड्याचं घर, साध्या वस्तीत किंवा गावात. कोणाबरोबर राहायचं हे त्यांनी ठरवायचं. सोबतीला प्रशिक्षण घेतलेली मदतनीस, गरज असेल तितकीच. भाजी आणायची, सांबार कसं करायचं यावरून वाद घालायचा, सणाला शेजारी डबा द्यायचा, जमेल तसं काम करायचं. संस्थेत राहिलेल्यांच्या तुलनेत या घरांतल्या लोकांचं समाजातलं मिसळणं वाढलं, असं त्यांच्या अभ्यासात दिसलं. ही कल्पना पुढे केरळ, आसाम असा प्रवास करत महाराष्ट्रातही आली.

न्यूयॉर्कला एकट्याचा फ्लॅट, आणि चेन्नईला चौघींचा एकत्र स्वयंपाक. मला हा बदल फार आवडला. एकटं राहायला दिलं तर आपल्याकडच्या पुष्कळ लोकांना ती शिक्षा वाटेल. मूळ कल्पना तीच ठेवून लोकलायझेशन नीट केलंय.

तर मंडळी, आता आपण गेटपाशी आलो. ही घरं भाड्याची असतात, आणि ती आपल्याच सोसायट्यांत आणि गल्ल्यांत मिळायला हवीत. म्हणजे शेवटचा निर्णय मंत्रालयात होत नाही. तो होतो रविवारी सकाळी, पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून.

त्या खुर्च्यांची ताकद आपल्यातल्या बऱ्याच जणांनी अनुभवली आहे. गेल्या वर्षी मी आणि माझा रूममेट घर शोधत होतो. एका सोसायटीत सगळं ठरलं, टोकनपर्यंत गोष्ट आली, आणि चेअरमनकाकांनी विचारलं, "फॅमिली की बॅचलर?" पुढे काय झालं ते सांगायला नको. आम्ही चिडलो, चार शिव्या दिल्या आणि दुसरीकडे घर घेतलं. आमच्याकडे पगाराच्या स्लिप होत्या, कंपनीचं पत्र होतं, गावाकडे आईवडिलांचं घर होतं. आता हाच इंटरव्ह्यू पंधरा वर्षं मनोरुग्णालयात काढलेल्या पन्नाशीच्या बाईंनी द्यायचा. "आधीचा पत्ता?" या रकान्यात त्यांनी काय लिहायचं?

काकांची बाजूही ऐकू. ते म्हणतील, बिल्डिंगमध्ये लहान मुलं आहेत. पण मानसिक आजार असलेली माणसं हल्ला करण्यापेक्षा हल्ल्याला बळी पडण्याची शक्यता जास्त, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. शिवाय इतर भाडेकरूंच्या बाबतीत तक्रार असली तर फोन करायला कोणी नसतं, इथे एक अख्खी संस्था मागे उभी असते. ते म्हणतील, सोसायटी परवानगी देणार नाही. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागतच नाही, आगाऊ कळवावं लागतं. ते म्हणतील, जागाच कुठे आहे? २०११च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी होती. एकट्या मुंबईत पावणेपाच लाखांच्या वर. गुंतवणूक म्हणून घेतलेली, भाडेकरूच्या कटकटीला घाबरून कुलूप लावून ठेवलेली घरं. तुमच्याच मजल्यावर एखादं असेल बघा, दिवाळीला मालक येऊन जाळ्या काढून जातो ते.

म्हणून माझं तुमच्याकडे काम आहे ते असं. तुमच्या किंवा आईबाबांच्या नावावर बंद फ्लॅट असेल, तर अशा संस्थेला भाड्याने द्यायचा विचार करा. दान नको, रीतसर अकरा महिन्यांचा करार करा, बाजारभावाने. आणि फ्लॅट नसेल, माझ्यासारखे भाडेकरू असाल, तर कधी मीटिंगमध्ये हा विषय निघाला तेव्हा मोबाइलमधून डोकं वर काढून एवढं बोला: "माझी हरकत नाही, येऊ द्या त्यांना." अशा मीटिंगांत विरोध करणारे तीन जण असतात आणि गप्प बसणारे तीस. निर्णय तिघांचा होतो.

सरकारकडे मागायचं ते वेगळं, आणि तेही मागितलंच पाहिजे: मनोरुग्णालयातून बाहेर पडायला तयार असलेल्या माणसामागे घरभाडं आणि मदतनिसाचा पगार, दर महिन्याला, न थकवता. पण ते पैसे उद्या मंजूर झाले तरी करार करायला दोन खोल्या लागतील, आणि त्या खोल्यांच्या किल्ल्या आपल्यासारख्यांच्याच कपाटात आहेत.

असो. लांबलं जरा. पटलं नसेल तर जरूर भांडा, त्यातही तुमच्या सोसायटीत असं घर असेल आणि अनुभव वाईट असेल, तर तो मला आधी ऐकायचाय. फक्त "लोक काय म्हणतील" हा मुद्दा आणू नका. लोक म्हणजे आपणच.